इंजिनात तेल घालताना



टंचाईच्या दिवसांत गावोगावी पाणी पोहोचविणारा टँकर दिवसातून अनेक वेळा विहिरीवर येऊन उभा राहतो. पंपाने टाकी भरेपर्यंत चालकाला थोडी उसंत मिळते, आणि नेमके त्याच वेळी ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल कमी झाल्याचे त्याला आठवते. घाईघाईने डबा तिरपा केला जातो. काही तेल इंजिनात जाते, काही इंजिनावर ओघळते आणि उरलेले जमिनीवर सांडते. त्यावर बादलीभर पाणी ओतले की जागा स्वच्छ झाली, असे चालक समजतो. प्रत्यक्षात ते तेल पाण्याबरोबर उताराने विहिरीच्या दिशेने निघालेले असते.

खनिज तेल पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यावर तरंगते आणि अतिशय पातळ थराने दूरवर पसरते. म्हणूनच थोडक्या तेलाने पुष्कळ पाणी पिण्यास अयोग्य होते. मातीत मुरलेले तेलही लवकर नाहीसे होत नाही. ज्या वाहनाने गावाची तहान भागवावयाची, त्यानेच पाण्याचा उद्भव नासवावा, ही गोष्ट कोणत्याही पंचायतीस शोभणारी नाही. तेव्हा तेल घालण्याची जागा विहीर, हातपंप व ओढा यांपासून दूर असावी, हा पहिला दंडक होय.

जमीन सपाट पाहून इंजिन बंद करावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात वर चढलेले तेल तळाशी उतरते. सांडलेच तर तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर किंवा आग होण्याचा धोकाही कमी होतो. डिपस्टिक बाहेर काढून पुसावी, पुन्हा आत घालून मग पातळी पाहावी. झाकणाभोवतीची धूळ झाकण उघडण्यापूर्वीच पुसली पाहिजे, नाहीतर ती तेलाबरोबर इंजिनात जाते.

आता प्रत्यक्ष ओतण्याविषयी. बहुतेक कॅनचे तोंड मधोमध नसून एका कडेला असते. ती कड खाली धरून ओतले, म्हणजे तेल तोंडाची सारी वाट अडवते. हवा आत शिरण्यासाठी धडपडते आणि तेल गचके देत बाहेर उडते. तेच तोंड वरच्या अंगाला राहील असा कॅन धरून तो हळूहळू कलता केला, तर तेलाच्या वरून हवा आत जात राहते व धार अखंड पडते. आश्चर्य वाटेल, परंतु वर्षानुवर्षे वाहन चालविणाऱ्यांनाही ही साधी गोष्ट ठाऊक नसते. शाळेत हवेच्या दाबाचा धडा शिकविताना पाण्याने भरलेला रिकामा कॅन घेऊन शिक्षकांना ती सहज दाखविता येईल. नरसाळे स्वच्छ व कोरडे असावे. ते तोंडात घट्ट रुतवू नये. आतील हवेला वाट न मिळाल्यास तेल तुंबते आणि काठावरून ओसंडते.

एकदम सगळे तेल ओतण्याचा मोह आवरला पाहिजे. थोडे घालावे, थांबावे, पातळी पाहावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेले तेल फिरत्या दांड्याने घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेसाळलेले तेल वंगणाचे काम नीट करीत नाही. इंजिनाला जास्तीचे तेल पाजणे म्हणजे त्याची काळजी घेणे, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

एवढ्या उपरही थोडे सांडलेच, तर त्यावर पाणी ओतू नये. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती पसरावी, तेल शोषले गेल्यावर ती खरवडून झाकणाच्या डब्यात भरावी. इंजिनावर ओघळलेले तेल लगेच पुसून घ्यावे. यामागे केवळ टापटिपीची हौस नाही. सदैव तेलकट असलेल्या इंजिनात खरी गळती कोठून सुरू झाली, हे कोणालाच दिसत नाही. स्वच्छ इंजिनावर मात्र पहिला थेंबही नजरेस पडतो. किती तेल घातले याची नोंद लॉगबुकात ठेवणाऱ्या पंचायतीलाही याचा उपयोग आहे, कारण निम्मे तेल जमिनीवर गेले तर ती नोंदच खोटी ठरते.

राहता राहिले बदललेले जुने तेल. डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन श्वास घेतात, म्हणून साचलेल्या डबक्यात जळके ऑईल टाकण्याचा उपाय अनेक वर्षे सांगितला गेला. अळ्या त्याने मरतात हे खरे. परंतु तेच तेल पुढे जमिनीत मुरते व इतर जीवसृष्टीलाही मारते. डबके बुजविणे किंवा योग्य ठिकाणी गप्पी मासे सोडणे हे अधिक शहाणपणाचे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे. १ एप्रिल २०२४ पासून तर ते परत गोळा होऊन त्यावर पुनर्प्रक्रिया व्हावी, ही जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. तोपर्यंत पंचायतीच्या आवारात, छपराखाली, घट्ट झाकणाचे एक पिंप ठेवावे, त्यावर ठळक अक्षरांत ‘जुने तेल’ असे लिहावे, आणि त्यात पाणी, डिझेल वा रॉकेल मिसळू देऊ नये.