माळ्यावरचं उदमांजर

रात्री माळ्यावर धपधप पावलं वाजतात, सकाळी छतावर बियांनी भरलेली विष्ठा दिसते. असं असेल तर तो उंदीर नसून बहुधा उदमांजर असतं. दिवसा झोपून रात्री फळं, किडे आणि उंदीर खाणारा हा प्राणी. फळझाडीजवळची घरं आणि जुन्या वाड्यांचे अंधारे माळे त्याला सोयीचेच.

त्याला मारू नका, विष घालू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. शिवाय ते उंदरांना आवर घालतं आणि फळांच्या बिया दूरवर पसरवतं.

मग करायचं काय? आधी वाट शोधा. संशयाच्या फटीपाशी संध्याकाळी थोडं पीठ भुरभुरा, सकाळी पाऊलखुणा दिसतील. घाईने भोक बुजवू नका, आत पिल्लं असू शकतात. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन आईबरोबर बाहेर पडेपर्यंत थांबा. माळा रिकामा असल्याची खात्री झाली, की पत्र्याखालच्या फटी आणि झरोके मजबूत लोखंडी जाळीने बंद करा. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटा. पडलेली फळं, उघडा कचरा आणि मांजरासाठी ठेवलेलं अन्न रात्री बाहेर राहू देऊ नका.

उदमांजर घरात अडकलं किंवा जखमी दिसलं, तर हात लावू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच कळवा.