जिन्यावरची वीज



मी इतिहास शिकवतो, विज्ञान नव्हे. तरीही आज विजेवर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या विषयाला प्रयोगशाळेपेक्षा नववीचे गणितच अधिक लागते असे माझे मत आहे.

प्रथम थोडा माझा विषय. १८७८ साली मुंबई उच्च न्यायालयातील विल्यम ॲडम्स या अधिकाऱ्याने कुलाब्यात आरसे मांडले, सूर्यकिरण एका बाष्पकावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. पुढे १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यात आले. ऐकताना नाक मुरडावेसे वाटते ना? पण खेडोपाडी ज्या गोबर गॅसवर भाकरी भाजली जाते, तो याच कुळातला.

आता आमच्या आठवीतील एका विद्यार्थिनीची कल्पना ऐका. "सर, आपण सगळे रोज जिना चढतो-उतरतो. पायऱ्यांखाली यंत्र बसवून त्यातून वीज का काढू नये?" वर्ग हसला. मी तिला खडू दिला. साठ किलोच्या माणसाच्या पावलाने फरशी अर्धा सेंटीमीटर दबली, तर मिळतात तीन ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. तेव्हा एका युनिटला बारा लाख पावले हवीत, तीही यंत्राने काहीही वाया घालवले नाही तर! एवढे करून पंखा फिरेल तेरा तास. शिवाय आमची मुले साठ किलोची नाहीत, आणि ते तीन ज्यूल येतात ते आईने सकाळी दिलेल्या न्याहारीतून. जपानमध्ये रेल्वे स्थानकावर अशा फरशांचे प्रयोग झाले आहेत, म्हणजे कल्पना मूर्खपणाची नव्हती. ती तोकडी आहे, हे त्या मुलीने स्वतः फळ्यावर दाखवले.

पालकहो, अशा मुलीचे गणित दहावीनंतर सुटते, ते शाळेमुळे नव्हे. "तिला काय करायचे आहे गणित?" हे वाक्य घरात उच्चारले जाते. ते कृपया उच्चारू नका.

याउलट काही कल्पना ऐकताना निव्वळ परीकथा वाटतात, पण गणित त्यांना नाही म्हणत नाही. १९६८ साली पीटर ग्लेझर या अभियंत्याने सुचविले की पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर सौरपत्रे ठेवावेत आणि तेथील ऊर्जा सूक्ष्मलहरींच्या रूपाने खाली पाठवावी. तेथे रात्र जवळजवळ नसते, ढग तर नाहीतच. २०२३ साली अमेरिकेच्या कॅलटेक संस्थेने अवकाशातून बिनतारी ऊर्जा पाठवण्याचा अगदी छोटा प्रयोग केला. घोडे अडते ते खर्चापाशी.

आणि समुद्र? तो तर आपल्या दारातलाच. दहाव्या शतकातील भूगोलवेत्ता अल-मुकद्दसी याने बसऱ्याजवळ ओहोटीच्या पाण्यावर फिरणाऱ्या पिठाच्या चक्क्यांची नोंद करून ठेवली आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॅटचे भरती-ओहोटीवरील केंद्र आहे. केरळात विळिंजम येथे १९९१ साली लाटांवर चालणारे १५० किलोवॅटचे केंद्र उभारले होते; ते पुढे बंद पडले.

मग आपल्या खाडीत का नाही? हिशोब करू. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद तळे घ्या. भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक धरा. पाणी झाले दोन कोटी किलो. ते सरासरी एक मीटर खाली येते, म्हणून वीस कोटी ज्यूल. फार तर ५५ युनिटे. एवढ्यासाठी बांध, दरवाजे, टर्बाइन! रान्सला हा फरक सरासरी आठ मीटरांचा आहे. पाणी चौपट आणि पडण्याची उंचीही चौपट, म्हणून तेवढ्याच जागेत ऊर्जा सोळापट. गुजरातेत खंबातच्या आखाताकडे अभियंत्यांची नजर जाते ती यामुळेच.

मात्र दोन मीटर हा आकडा मी धरलेला आहे, मोजलेला नाही. येत्या अमावास्येला दोरी आणि फूटपट्टी घेऊन धक्क्यावर जा, आणि सोबत घरच्या कोणा वडीलधाऱ्याला न्या. भरतीची खूण करा, सहा तासांनी पुन्हा जाऊन ओहोटीची करा. फरक लिहून आणा. पुढचे गणित वर्गात करू.