गावात काम हवं, आणि ते आपल्या जमिनीवर हवं

(तालुक्याच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांनी सभा घेऊन वाचून दाखवावं.)



भात कापून झालं की आपले पाडे ओस पडतात. दाराला काटी लावायची, पोरं खांद्यावर, भांडी डोक्यावर, आणि चालले वीटभट्टीवर. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. शाळेत मास्तर असतो, पोरं नसतात. होळीला कुणी चार दिवस येतं, कुणाला मालक तेवढंही सोडत नाही. पावसाच्या तोंडावर परत येतो तेव्हा उचल फिटलेलीच नसते, म्हणून पुढच्या वर्षीही त्याच मालकाकडं.

सरकार म्हणतं, आम्ही आदिवासींसाठी पैसा देतो. देतं, हे खरं आहे. मग तो पैसा येऊनही आपल्याला गाव का सोडावं लागतं? आज एवढंच बोलायचं आहे.

आधी आमची चूक सांगतो. एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना १९८० पासून सगळ्या तालुक्यांत आली. म्हैस, शेळ्या, बैलजोडी, शिलाई मशीन, काय हवं ते घ्या. आदिवासीला निम्मी सूट, निम्मं बँकेचं कर्ज. आम्हीसुद्धा फॉर्म भरून दिले, दाखल्यांसाठी तलाठ्याकडं खेटे घातले. इतकी कर्जप्रकरणं मंजूर करून आणली, असं सभेत मोठ्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढं त्या प्रकरणांचं काय झालं, ते बघायला आम्ही उशिरा गेलो.

एका बाईचं सांगतो. नाव घेत नाही, ती इथंच बसली आहे. गेल्या साली तिला म्हैस मिळाली. कागदावर किंमत ५००० रुपये. २५०० सूट, २५०० कर्ज. म्हैस व्यापाऱ्यानं आणली, तिनं निवडली नाही. तसली म्हैस तेव्हा बाजारात ३००० ला मिळत होती. आता हिशेब करा. २००० रुपये जास्त लावले, ते मधल्यांनी खाल्ले. सरकारच्या २५०० सुटीतले तिच्या पदरात पडले ५००.

बरं, म्हैस तरी टिकली का? पेंडीला पैसा नाही. आपला पेंढा चैतापर्यंत सरतो. दूध घालायचं तर डेपो दोन तासांच्या वाटेवर. तिसऱ्या महिन्यात म्हैस आटली, पावसात मेली. विम्याचे पैसे मागायला गेली तर म्हणाले, कानातला बिल्ला आणा. बिल्ला आधीच कुठं झुडपात पडला होता. आता बँकेची नोटीस आली आहे आणि नवरा ते फेडायला भट्टीवर जाणार आहे. म्हणजे जी योजना गावात रोजगार देणार होती, तिच्यामुळंच माणूस गाव सोडतो आहे.

आपल्याला म्हैस सांभाळता येत नाही, असा याचा अर्थ नाही. चारा, पाणी, डॉक्टर, दुधाची वाट यातलं काही नसताना एकेका घराला एकेक जनावर दिलं, तर ते मरणारच. आणि पैसा एकेकट्याला मिळाला की खाणाऱ्यालाही सोपं जातं. एकटी बाई कारकुनाला काय विचारणार?

मग सोसायटी करून भागतं का? तेही आपण पाहिलं आहे. १९४७ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं जंगल कामगारांच्या सोसायट्या काढल्या. ठेकेदार जावा, कूपाची तोड आदिवासींनीच घ्यावी, नफा त्यांनाच मिळावा, हा विचार चांगला होता. पण बऱ्याच सोसायट्यांत सभासद आपण आणि वही दुसऱ्याच्या हातात, असं झालं. अंगठा आपला, हिशेब त्याचा. तेव्हा एकत्र येणं पुरत नाही, वहीसुद्धा आपल्या हातात पाहिजे.

आता रोजगार हमीकडं या. हमी आणि सूट यांत मोठा फरक आहे. सूट साहेबाच्या मर्जीवर असते. हमी १९७७ च्या कायद्यानं दिलेली आहे. मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा. भत्ता सुरुवातीला दिवसाला १ रुपया होता, म्हणजे काहीच नव्हता, पण तो मागितला की काम निघतं, हा आपला अनुभव आहे. हमीच्या खर्चातले १०० मधले निदान ६० रुपये मजुरीवर गेले पाहिजेत, असा नियम आहे. शहरातले नोकरदार, व्यापारी व्यवसाय कर भरतात, तो पैसा यासाठी आहे. कुणी भीक घालत नाही.

पण काम कुठलं मागायचं? आजवर आपण रस्त्याची खडी फोडली. मजुरी मिळाली, खडी पावसात वाहून गेली, पुढच्या साली पुन्हा तीच. आपली वरकस जमीन बघा. उतारावर नागली, वरई पेरतो, माती दरवर्षी ओढ्यात जाते. तिथं बांध घातले, खाचरं पाडली, तर आज मजुरी मिळेल आणि पुढं भात मिळेल. ५० माणसं १०० दिवस राबली तर ५००० दिवसांचं काम गावातच झालं. शिवाय ते काम पुढच्या वर्षी आपल्याच घरात धान्य टाकेल.

फळबागेची योजना १९९० मध्ये हमीला जोडली आहे. खड्डे, कलमं, राखण, सगळ्याचा खर्च आदिवासी शेतकऱ्याला सरकार देणार. आंबा, काजू आपल्या माळावर येतो. फक्त एक कागद मागतात, सातबारा.

इथंच गाडं अडतं. आपले जंगलातले प्लॉट बाप-आज्यांनी फोडले. ३१ मार्च १९७८ च्या आधीची अतिक्रमणं नावावर करायचे निर्णय सरकारनं १९७८ आणि १९७९ मध्ये काढले. कुणाची नावं लागली, पुष्कळांची राहिली. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि साहेबांना नाही म्हणायला कारण मिळालं. आज त्याच जमिनीवर बांध मागितला तर सांगतात, जमीन वनखात्याची, काम देता येत नाही. झाड लावलं तर गार्ड उपटतो. म्हणजे ज्याला कामाची गरज जास्त, त्यालाच काम नाही.

म्हणून जमिनीची लढाई एक आणि रोजगाराची दुसरी, असं समजू नका. जमीन नावावर नसेल तर योजना येते आणि दारावरून निघून जाते. निव्वळ जमीन मिळाली आणि तिच्यावर काम झालं नाही, तर पोट भरायला पुन्हा भट्टीच. दोन्ही एकदम मागायचं.

करायचं काय, ते पाड्यापाड्यानं ठरवा. आमचं म्हणणं असं :

मुकादम उचल घेऊन घरात यायच्या आधी कामाचे अर्ज तहसीलात गेले पाहिजेत. एकट्यानं देऊ नका, ५० जणांनी मिळून द्या. पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका.

अर्जात कामाचं नाव लिहा. कुठल्या माळावर बांध, कुठल्या ओढ्यावर बंधारा, हे बायांना विचारून लिहा, कारण पाण्याला त्याच जातात.

प्लॉटधारकांची यादी वेगळी करा. दंडाच्या पावत्या, जुन्या एकसालीचे कागद, जे असेल ते जोडा. दंडाची पावती फेकू नका. आपण तिथं कसत होतो, याचा तोच पुरावा.

काम सुरू झालं की मस्टर दर आठवड्याला पाड्यात मोठ्यानं वाचायचं. मापं घेताना आपली दोन शिकलेली पोरं टेपजवळ उभी राहतील.

म्हैस, शेळी कुणाला घ्यायची असेल तर जरूर घ्या. पण जनावर स्वतः निवडा, किंमत चार माणसांत ठरवा, कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

ज्या बाईची म्हैस मेली, तिच्या नोटिशीचं उत्तर द्यायला सोमवारी आपण सगळे बँकेत जाणार आहोत. ती एकटी जाणार नाही. भाकरी बांधून या.

जिंदाबाद!