शाल-श्रीफळावर वस्ताद टिकत नाही

ज्यांच्या नावानं हे अधिवेशन भरतं पण ज्यांना दरवर्षी मागच्याच खुर्च्या मिळतात ते माझे ग्रंथपाल बंधू-भगिनी,

हार झाले, तुरे झाले, समई लावून झाली. आता भांडायला सुरुवात करते.

सकाळपासून या मांडवात चार वक्ते बोलले आणि चौघांनीही मोबाईलला शिव्या घातल्या. 'आजची पिढी वाचत नाही' हे वाक्य मी वहीत रेघा मारून मोजत होते. अकरा रेघा झाल्या. आता मला तुम्हाला एक विचारायचंय. तेरा ते अठरा वयाचं पोर उद्या तुमच्या ग्रंथालयात आलं, तर त्याला बसवणार कुठं? बालविभागातल्या बुटक्या खुर्चीत त्याचे गुडघे मावत नाहीत. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाली मुलं त्याला नुसत्या नजरेनं हाकलतात. वर्तमानपत्रांच्या टेबलावर पेन्शनर मंडळींची सत्ता, आणि ती मोडायची माझीही हिंमत नाही. म्हणजे त्या वयासाठी आपल्या इमारतीत एक कोपरासुद्धा नाही, आणि ते येत नाही म्हणून आपण दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या बॅनरखाली उभं राहून गळा काढतो.

अमेरिकेतल्या शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयानं, हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीनं, 2009 साली तळमजल्यावरची साडेपाच हजार चौरस फूट जागा हायस्कूलच्या मुलांसाठी मोकळी केली. नाव ठेवलं 'यूमीडिया'. पैसा मॅकआर्थर फाउंडेशनचा. मुलांनी ग्रंथालयाचं कार्ड दाखवायचं आणि लॅपटॉप घ्यायचा, कॅमेरा घ्यायचा, गाणं रेकॉर्ड करायच्या खोलीत शिरायचं. या जागेच्या मांडणीमागं मिमी इटो नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास होता. मुलं यंत्राशी कशी वागतात हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं, की मुलं आधी नुसती जमतात, मग इकडंतिकडं खुडबुड करतात, आणि त्यातली काही एखाद्या गोष्टीत पार बुडून जातात. आपण 'इथं टाइमपास करायचा नाही' अशी पाटी लावून पोरांना हाकलतो ना, तो टाइमपासच त्या बाईंच्या हिशेबात पहिली पायरी आहे. पहिली पायरीच उखडून टाकायची आणि माडीवर कुणी का येत नाही म्हणून विचारायचं, ही आपली तऱ्हा.

पण मला सांगायचंय ते कॅमेऱ्यांचं नाही. तिथं माइक हॉकिन्स नावाचा एक कवी होता. पोरं त्याला 'ब्रदर माइक' म्हणत. तो पोरांना माइकसमोर उभं करायचा, त्यांचं लिहिलेलं ऐकायचा, आणि स्वतःही लिहायचा. त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्यांत चान्सलर बेनेट नावाचा एक मुलगा होता. शाळेनं त्याला दहा दिवस घरी बसवलं होतं. त्या दहा दिवसांच्या नावानंच 2012 साली त्याचा पहिला गाण्यांचा संग्रह आला, आणि 2017 साली 'चान्स द रॅपर' या नावानं त्यानं तीन ग्रॅमी घेतले. शाळेनं दार लावलं तेव्हा ग्रंथालयाचं उघडं होतं. हे उदाहरण मी जरा भीतभीतच देते, कारण उद्या कुणीतरी आपल्या अहवालात 'ग्रॅमी-प्राप्त सभासदांची संख्या' असा रकाना काढेल. बाकीच्या पोरांना काही मिळालं नाही, फक्त संध्याकाळी जायला एक जागा आणि नावानं हाक मारणारं एक मोठं माणूस मिळालं. मला तेही पुरेसं वाटतं. ब्रदर माइक 2014 साली गेला, अकाली. त्याच्यासाठी शहर रडलं. आपल्यापैकी किती ग्रंथालयांत असा माणूस आहे, की जो गेला तर अठरा वर्षांची पोरं रडतील?

ही गोष्ट शिकागोतही पहिल्यांदा घडली नव्हती. बोस्टनच्या संगणक संग्रहालयात 1989 च्या डिसेंबरात सुट्टीतला एक कार्यक्रम झाला. मुलांना लेगोचे ठोकळे आणि मोटरी दिल्या होत्या. कार्यक्रम संपला, तरी आसपासच्या वस्तीतली पोरं येतच राहिली. काही दिवसांनी संग्रहालयानं कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं, की चोरून आत शिरणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवा! त्या कार्यक्रमामागच्या मिचेल रेझनिक आणि नॅटली रस्क या दोघांना मात्र त्यात चोर दिसले नाहीत, गरज दिसली. 1993 साली त्यांनी तिथंच 'कॉम्प्युटर क्लबहाउस' काढलं, आणि आज आपली पोरं ज्यावर मांजर नाचवतात त्या 'स्क्रॅच' या संगणकभाषेची कल्पना क्लबहाउसातल्या पोरांकडं बघूनच सुचली. मित्रहो, आपल्याकडं पहारेकरी भरपूर आहेत. आपण कमी पडतो ते रस्कबाईंत.

कोल्हापूरकरांना मी हे का समजावून सांगू? माझे वडील तालमीत जायचे. मला, मुलीला, तिथं प्रवेश नव्हता. दाराशी डबा घेऊन उभी राहायची. पण दारातनंही जे दिसायचं ते दिसायचं. तालमीची इमारत म्हणाल तर पडकी. हौद्यातली तांबडी माती तेवढी ताजी. आणि वस्ताद काठावर बसून भाषण देत नव्हता, लंगोट लावून मातीत उतरत होता. पोराचा पाय कुठं चुकला हे तो स्वतःच्या पायानं दाखवायचा. इंग्रजीत ज्याला 'मेंटर' म्हणतात आणि आपण ज्याचं 'मार्गदर्शक' असं गुळगुळीत भाषांतर करतो, तो हा. मार्गदर्शक उद्घाटनाला येतो. वस्ताद रोज येतो. एवढं खरं, की आपला वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. इथं तो राखायचा नाही.

आता माझ्या घरचं सांगते. आमच्या ग्रंथालयाला चार संगणक देणगीत आले. आमदार आले, फीत कापली, फोटो झाले. त्यानंतर दीड वर्ष त्या संगणकांवर आम्ही शिवून घेतलेली कव्हरं होती. शिवायची कल्पना माझीच, रंगही मीच निवडला होता. मग गावातला एक पोरगा, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारा, संध्याकाळी येऊन बसायला लागला. दहावीतली एक मुलगी गुऱ्हाळाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेऊन आली. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "हे इंजिन ऐकू येतंय, गूळ कुठाय?" ती परत गेली. दुसऱ्यांदा चुलवाणात चिपाडं पडल्याचा आवाज आणला. तिसऱ्यांदा काहिलीच्या कडेला गुळव्याशेजारी उभी राहिली. रस आटत आला की बुडबुड्यांचा आवाज जड होत जातो, आणि गुळव्या डोळे मिटूनही सांगतो की आता उतरवा. ते तिनं पकडलं. चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण. आणि मग ती कपाटातून गुळावरचं पुस्तक मागायला माझ्याकडं आली. पुस्तक नव्हतं. ते माझं अपयश, तिचं नव्हे.

सहा महिन्यांनी लग्नसराई आली आणि तो पोरगा यायचा थांबला. त्याला पैसे द्यावेत असं मी कार्यकारिणीत मांडलं. उत्तर मिळालं, 'वर्धापनदिनी शाल-श्रीफळ देऊ.' नारळ फोडून त्यानं हप्ता भरायचा होता काय? मी तेव्हा गप्प बसले. आज अध्यक्ष केलंयत, तर बोलते.

शाळांचंही तेच. 2016 पासून नीती आयोग 'अटल टिंकरिंग लॅब'साठी शाळेला 20 लाखांपर्यंत देतो. योजना वाईट नाही. पण शाळेला पाचला कुलूप लागतं आणि पोराचा दिवस खरा सुरू होतो पाचनंतर. मेंटरची सोय तिथंही आहे, पण स्वयंसेवक म्हणून. यंत्राला लाखो रुपये आणि माणसाला धन्यवाद!

हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांनी एसटीनं पाबळला जावं. शिरूर तालुक्यातल्या या गावात शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवायची कार्यशाळा, 2002 साली काढली, ती कुठल्या राजधानीत नाही, पाबळात. का? कारण तिथं हातानं काम करणारी आणि पोरांना करू देणारी माणसं आधीच होती.

राहता राहिला पैसा. कोल्हापूर संस्थानानं 1945 साली ग्रंथालय कायदा केला, मद्रासच्या तीन वर्षं आधी. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. कायद्यात आपण पुढं, पण पैशात? 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला आले वर्षाला 48 हजार. त्यातले निम्मे वेतनावर, म्हणजे महिन्याला दोन हजार. त्या दोन हजारांत जो माणूस कुलूप उघडतो, झाडू मारतो, पुस्तकं देतो आणि दप्तर लिहितो, त्यालाच आता तुम्ही 'डिजिटल मेंटर'ही व्हायला सांगणार असाल तर मी या व्यासपीठावरून खाली उतरते. हे काम वेगळं आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो. संध्याकाळी तीन तास, तालुक्याच्या एका ग्रंथालयापासून सुरुवात. तो पदवीधर नसला तरी चालेल, पण रोज काहीतरी बनवणारा हवा. आणि कुलूप उघडणारा नि हा, या दोघांतली एक बाई हवी, नाहीतर सातनंतर मुली येणार नाहीत आणि आपण अहवालात लिहू, 'मुलींचा प्रतिसाद अल्प.'

कुणीतरी पुटपुटलं, 'मग पुस्तकांचं काय?' ऐकू आलं मला. शिकागोनं 2010 साली सगळ्या शहरानं मिळून वाचायला टोनी मॉरिसन यांची 'अ मर्सी' निवडली, तेव्हा यूमीडियातल्या पोरांनीही ती वाचली आणि त्यावर आपापलं काही बनवलं. पुस्तकाला धोका कॅमेऱ्याचा नाही, कुलुपाचा आहे.

आता तुमच्या पिशवीतला ठराव क्रमांक चार काढा. 'ग्रंथालयांना टॅब व संगणक संच मिळावेत' असं त्यात लिहिलंय. अध्यक्ष म्हणून मी तो या रूपात मताला टाकणार नाही. 'टॅब व संगणक संच मिळावेत' खोडा. त्याजागी लिहा, 'कुमारवयीन सभासदांसाठी एक पूर्णवेळ नसले तरी कायम पद मिळावे'. सचिवसाहेब, तुम्ही पुढं काय लिहिताय ते मला इथून दिसतंय. 'मानधन' नको. 'पगार' लिहा.