जंतू मरतो, मग बोटं का जातात?



संयोजकांनी विषय दिला तो 'जंतू आणि प्रतिकारशक्ती' असा. विषय अफाट आहे. त्याचा आढावा घेत बसण्यापेक्षा मी एकच रोग निवडला आहे, कुष्ठरोग. हा रोग आता संपला, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, हे निवडीचं एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. रोगातला जंतूचा वाटा किती आणि आपल्याच शरीराचा वाटा किती, हे या रोगाइतकं स्पष्ट दुसरा कुठलाही रोग दाखवत नाही.

कोविडनंतर 'इम्युनिटी' घराघरांत पोचली. राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी आपल्याच कल्याण-डोंबिवलीत नोंदला गेला, तेव्हा इथल्या औषधांच्या दुकानांत काढे आणि गोळ्या घ्यायला झालेली गर्दी आपण पाहिली आहे. "डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी लिहून द्या," हे वाक्य आजही रोज ऐकू येतं. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं, हा समज त्यामागे आहे आणि तो दूर करणं आपलं काम आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. डेक्सामेथासोन विषाणूला मारत नाही, ते शरीराच्या प्रतिसादाला आवर घालतं. डेंग्यूमध्येही हेच दिसतं. एका प्रकारच्या डेंग्यूनंतर दुसऱ्या प्रकारचा झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं विषाणूला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात आणि दुसरा आजार अधिक गंभीर होऊ शकतो. गणपतीच्या आगेमागे प्लेटलेट्सचे आकडे पाहत आपण रात्री काढतो, त्यातल्या काही रुग्णांच्या बाबतीत हेच घडलेलं असतं.

आता कुष्ठरोगाकडे येतो. नॉर्वेतल्या बर्गेन इथे गेरहार्ड हॅन्सेन यांनी १८७३ साली हा जंतू दाखवला. आजवर कुणालाही तो काचेच्या नळीत वाढवता आलेला नाही. तो कमालीचा संथ आहे. आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो, याला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून पहिला चट्टा उमटेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्याला थंडावा आवडतो, म्हणून कानाची पाळी, नाक, हातपाय ही त्याची ठिकाणं. तो घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या जंतूसारखं विष सोडत नाही. मेणचट कवच घेऊन तो मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत शिरतो. त्याच्या कवचातला एक घटक या पेशींभोवतीच्या लॅमिनिन या प्रथिनाला नेमका चिकटतो, म्हणून चेतासंस्थेच्या बाहेरच्या शाखा ही त्याची खास वस्ती झाली.

आणि बहुतेकांना तो काहीही करू शकत नाही. सुमारे ९५ टक्के माणसांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले, तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी हे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते. त्यांना रोग झाला नाही. लोकलमध्ये शेजारी बसल्याने हा रोग होईल, अशी भीती बाळगणाऱ्यांना हे सांगत जा. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ, जवळचा सहवास घडला तरच धोका, तोही मूठभरांना.

त्या मूठभरांत काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पहिल्याच्या दंडावर एकच चट्टा, कडा स्पष्ट, मध्यभाग कोरडा, तिथले केस गेलेले, स्पर्श कळत नाही. त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यात एकही जंतू सापडत नाही. दुसऱ्याच्या अंगावर नीट पाहिल्याशिवाय काहीच दिसत नाही. कानाच्या पाळ्या जराशा जाड, भुवया विरळ, त्वचा किंचित चकचकीत. त्याच्या पाळीचा नमुना झील-नील्सन पद्धतीने रंगवून भिंगाखाली ठेवला, की निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांडक्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात, विड्यांच्या जुड्या बांधून ठेवाव्यात तसे. जंतू एकच, पण आजार इतके वेगळे की पूर्वीच्या वैद्यांनी ते दोन स्वतंत्र रोग मानले असते तरी नवल नव्हतं.

हा फरक रुग्णाच्या शरीराने केलेला असतो. पहिल्याच्या टी-पेशी जाग्या आहेत. त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, भक्षक पेशींना बळ येतं, जंतूंभोवती गाठ बांधली जाते. जंतू मरतात, पण ही लढाई मज्जातंतूच्या आत चालते आणि त्यात मज्जातंतूही जातो. दुसऱ्याच्या टी-पेशी इतर जंतूंशी व्यवस्थित लढतात, फक्त या एका जंतूपुढे मुकाट राहतात. रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात, पण जंतू पेशीच्या आत, प्रतिपिंडं बाहेर, त्यामुळे ती निरुपयोगी ठरतात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या दोन टोकांमधल्या पायऱ्या मांडल्या. आपले बरेचसे रुग्ण मधल्या पायऱ्यांवर असतात, आणि त्या पायऱ्या अस्थिर असतात. हे 'अस्थिर' लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

इथे मुंबईतल्या एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५८ साली परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक दुसराच जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला. तो आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला गेला. त्यातून पुढे लस तयार झाली, तिच्यामागे डॉ. माधव देव यांचे कष्ट होते. दक्षिण भारतातल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष डॉ. मोहन गुप्ते आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. त्यात या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, बीसीजीने ३४ टक्के. असं असूनही ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. मराठी शास्त्रज्ञांचं हे काम आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपचारांबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही बहुऔषध उपचारपद्धती, म्हणजे एमडीटी, १९८०च्या दशकापासून आपल्याकडे आहे. जंतू कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. गोळ्या मोफत मिळतात, आणि पहिल्या काही मात्रांनंतर रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळपास संपतो. जंतू मरतो, हे नक्की. मग उपचार घेतलेल्या माणसांचीही बोटं का वाकतात?

आता त्या अस्थिर पायऱ्यांकडे येतो. एमडीटी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. फिकट असलेले चट्टे एकाएकी लाल होतात, सुजतात, चमकतात. कोपर दुखतं. करंगळी आत वळू लागते. रुग्ण घाबरतो, गोळ्या बाधल्या असं समजून बंद करतो आणि जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे अ‍ॅलर्जी समजून अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या जातात. प्रत्यक्षात झोपलेल्या टी-पेशी जाग्या झालेल्या असतात. मेलेल्या जंतूंचे अवशेष मज्जातंतूत पडून असतात, त्यांच्यावर त्या तुटून पडतात. मज्जातंतूचं आवरण आवळ असतं, सूज बाहेर पसरू शकत नाही, आतले तंतू चेपले जातात. याला पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती उपचार पूर्ण झाल्यावरही येऊ शकते.

दुसऱ्या प्रकारची रिअ‍ॅक्शन जंतूंचा भार जास्त असलेल्यांना येते. प्रतिपिंडं आणि जंतूंचे तुकडे यांची संयुगं ठिकठिकाणी अडकतात. ताप येतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, डोळे लाल होतात, सांधे आणि कधी वृषणं सुजतात. आपल्या पावसाळी ओपीडीत असा रुग्ण मलेरिया, टायफॉइड, चिकुनगुनिया या सगळ्या तपासण्यांमधून फिरून येतो आणि त्याच्या कानाच्या पाळीला मात्र कुणी हात लावलेला नसतो.

पहिल्या प्रकारात प्रेडनिसोलोन त्याच दिवशी सुरू करावं लागतं, ते आठवडे-महिने हळूहळू उतरवत न्यावं लागतं, आणि एमडीटी थांबवायची नसते. मज्जातंतूची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर हातातली ताकद, संवेदना परत मिळण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणजे माणसाच्या हाताचं भवितव्य या काही आठवड्यांत ठरतं, आणि त्या आठवड्यांत तो बहुधा कुष्ठरोगतज्ज्ञाकडे नसतो, तुमच्या-माझ्यासारख्या डॉक्टरांसमोर बसलेला असतो. काही वेळा दुखतही नाही. मज्जातंतू मुकाट्याने निकामी होतो आणि रुग्णाला पहिल्यांदा कळतं ते शर्टाचं बटण लावता येईना तेव्हा.

कल्याणला पत्रीपुलाजवळ हनुमाननगरची कुष्ठरुग्ण वसाहत आहे. पुलाचं काम रखडलं तेव्हा सगळं शहर त्या पुलाबद्दल बोलत होतं, पण शेजारच्या वस्तीत पाऊल ठेवलेले फार थोडे. डोंबिवलीचे माजी नौसैनिक गजानन माने त्यांतले एक. इथल्या कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा वसाहतींमधल्या वडीलधाऱ्या माणसांच्या पायांच्या जखमा पाहून लोक म्हणतात, यांना रोग आहे. रोग केव्हाच गेलेला असतो. तळपायाची जाणीव गेली आहे, म्हणून खडा बोचलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही, घाम येत नाही म्हणून त्वचा फाटते. रोज पाय पाण्यात भिजवणं, जाड झालेली कातडी घासणं, तेल लावणं, मऊ रबराच्या एमसीआर चपला वापरणं, यानेच त्या जखमा आटोक्यात राहतात. जंतूचा हिशेब संपल्यावर शरीराने मागे ठेवलेला हा हिशेब आयुष्यभर चालतो.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. आपण तो 'रोग गेला' असा घेतला, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हातातून मज्जातंतू चाचपण्याचं कौशल्य सुटत गेलं. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत. २०१९-२० मध्ये देशात १ लाख १४ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि २०२०-२१ मध्ये सुमारे ६५ हजार. टाळेबंदीत रोग घटला नव्हता, घरोघर जाऊन शोधणारे हात घटले होते. आपल्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेला पालघर जिल्हा राज्यातल्या जास्त प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांपैकी आहे. शिवाय भिवंडीच्या यंत्रमागांवर, डोंबिवलीच्या एमआयडीसीत देशभरातून माणसं कामाला येतात. लागण गावाकडे झालेली असते, चट्टा उमटतो तो इथे, पाच-सात वर्षांनी.

समाजानेही या रुग्णांना कमी छळलेलं नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून वगळायला २०१९ साल उजाडावं लागलं. एमडीटी येऊन तेव्हा साडेतीन दशकांहून अधिक काळ झाला होता. कायदा बदलला, पण चट्टा लपवण्याची सवय अजून गेलेली नाही. म्हणून रुग्ण स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नका.

माझी आपणा सर्वांना विनंती आहे. आशा सेविका चट्टे शोधायला दारोदार जातात, त्यांनी पाठवलेल्या रुग्णाला परत पाठवू नका, कपडे बाजूला करून पूर्ण अंग उजेडात पाहा. टेबलावर थोडा कापूस आणि एक बॉलपेन ठेवा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, की रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाचा धागा टेकवा आणि कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायला सांगा. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोन्ही हातांना चाचपा, आणि चाचपताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. संशय आला तर महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात पाठवा, आणि घरातल्या इतरांचीही तपासणी होईल, त्यांना प्रतिबंधक रिफाम्पिसिनची मात्रा मिळेल, हे बघा. आणि एमडीटी चालू असलेला किंवा संपलेला रुग्ण तुमच्याकडे साध्या सर्दी-खोकल्यासाठी आला, तरी त्याला हात उघडायला सांगून त्याच्या करंगळीतली ताकद एकदा तपासा.