ताकदीची बाटली आणि मोठ्याचं मटण
(पुण्यातल्या युवक बैठकीतलं भाषण)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मुंबईच्या गोदीत पोलादाच्या गुंडाळ्यांना साखळ्या अडकवतो. तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता नंतर. आधी व्हिटॅमिनवर बोलतो. हसू नका.

आमच्या पाळीत एक जण आहे. मजुरी हातात पडली की नाक्यावरच्या डॉक्टरकडं जाऊन 'ताकदीची बाटली' लावून घेतो. सलाईनचं पाणी आणि त्यात पिवळं बी-कॉम्प्लेक्स. अंगाला नको असलेलं बी आणि सी बहुतेक लघवीवाटे निघून जातं. दिवसभराची मजुरी, पिवळी होऊन मोरीत! ए आणि डी तर सहज जातही नाहीत, अंगात साठतात, फार झाले तर बाधतात. जो डाळ-भाकरी, पालेभाजी, अंडं-मासळी पोटभर खातो त्याला ही बाटली कशाला? आणि जो खात नाही त्याला आधी जेवण पाहिजे.

मग गोळी म्हणजे सगळी लबाडीच का? नाही. आपल्यातले काही जहाल इथंच घसरतात. बी-१२ची गोष्ट घ्या, तुमच्याच पुण्याची आहे.

बी-१२ झाडपाल्यात नसतं. जंतू ते बनवतात आणि जनावराच्या अंगातून ते आपल्याकडं येतं. काळीज, मांस, मासळी, अंडी, थोडंफार दूध. ते घटलं की रक्त उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, विसर पडतो. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली छापून आलं: शंभरात ६७ जणांना बी-१२ कमी. आणि मध्यमवर्गात? शंभरात ८१! शाकाहाऱ्यांना धोका चौपटीहून जास्त. म्हणजे ज्या ताटाला पिढ्यान्‌पिढ्या नाक मुरडलं, त्या ताटातली चीज आता सोवळं ताट केमिस्टकडून विकत घेतंय.

पण छाती फुगवू नका. झोपडपट्टीतही तूट होतीच. मटण खाणारा म्हणवून घेणं वेगळं आणि महिन्यातून किती वेळा ते ताटात पडतं, हे वेगळं.

आयाबहिणींचं ऐका. सरकार गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतं. ती घ्यायचीच, तिच्यामुळं जीव वाचतात. पण याच मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आया आणि मुलं तपासली. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या सहा वर्षांच्या पोरांत इन्सुलिन सगळ्यात कमी लागू पडत होतं. मधुमेहाची वाट ती हीच. एक गोळी दिली, दुसरी तूट कुणी बघितलीच नाही. म्हणून सांगतो, रक्त तपासा. कमी निघालं तर डॉक्टर सांगेल ती बी-१२ची गोळी बिनधास्त घ्या. त्यात कसला आलाय अपमान?

बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. ती लाचारी सोडायची होती. घामाच्या पैशानं घेतलेलं ताजं मांस ही लाचारी नव्हे. पण २०१५च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल आणि वळू कापणंही गुन्हा झालं, पाच वर्षांपर्यंत कैद. गरिबाचं स्वस्त मटण गेलं. आता उरलं अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं दिलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा काढून घेतला. द्यायचं तर शाळांनी लोकवर्गणी करून द्यावं म्हणे! कुणाच्या घशात अडकलं होतं ते एक अंडं?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन विचारून यायचं: अंडं मिळतं का, कधीपासून बंद आहे, मुलं किती. आकडे कागदावर पाहिजेत. मग ते घेऊन कुणाच्या दारात बसायचं ते ठरवू.