डोळ्यातील बुरशी आणि प्रकाशाचा उपचार

(ग्रामीण आरोग्यसेवकांच्या मेळाव्यात एका नेत्रतज्ज्ञाने केलेले भाषण)



सुगीच्या दिवसांत आमच्या नेत्रविभागात येणाऱ्या रुग्णांची हकिकत बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : "डोळ्यात कुसळ गेलं होतं." कोणाला मळणी करताना, कोणाला भाताच्या कापणीत, तर कोणाला उसाच्या पात्याची धार लागलेली असते. पहिल्या दिवशी पदराच्या टोकाने कुसळ काढले जाते. दुसऱ्या दिवशी डोळ्यात मध घालतात. तिसऱ्या दिवशी दुकानातून थेंब आणले जातात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले म्हणजे लाली उतरते, घरच्या मंडळींना हायसे वाटते आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. रुग्ण आमच्यापुढे येतो तेव्हा बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर करडा-पांढरा, पिसासारख्या कडांचा व्रण झालेला असतो. तो भरून आला तरी मागे फूल राहते. कर्त्या माणसाचा डोळा असा जातो.

या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथे पुरेसे पोहोचणे कठीण, आणि वरून घातलेले थेंबही फार खोल उतरत नाहीत. फ्युजेरियम व ॲस्परजिलस या बुरशा मात्र आपले तंतू खोलवर पसरवतात. नॅटामायसिनचे थेंब हे आज या विकारावरील मुख्य औषध होय; २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील चाचणीत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, फ्युजेरियमच्या बाबतीत तर विशेषच. तरीही काही डोळे हाताबाहेर जातात, पडद्याला छिद्र पडते आणि दान मिळालेल्या नेत्रपटलाचे तातडीने रोपण करावे लागते. अशा डोळ्यांसाठी प्रकाशाचा विचार पुढे आला.

हा विचार तसा जुना आहे. म्युनिक येथे टॅपायनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन नावाच्या रंगाचा पॅरामेशियम या सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम पाहत होता. तोच रंग, तेवढेच प्रमाण. पण जीव कधी लवकर मरत, तर कधी बराच वेळ जगत. फरक प्रकाशाचा होता, हे त्याच्या ध्यानात आले. १९०० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात रंग एकटा फारसा मारक नव्हता, प्रकाशही नव्हता. दोहोंची गाठ पडली म्हणजे घात होत असे. आपल्याकडे पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसण्याचा उपचार आयुर्वेदात पूर्वीपासून आहे. बावचीतील द्रव्याची क्रिया थोडी निराळी, परंतु उन्हावाचून तिचा गुण येत नाही, हे आपल्या वैद्यांनी ओळखले होते.

आता हे घडते कसे ते पाहू. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देते. असा उत्तेजित झालेला प्राणवायू अत्यल्प काळ टिकतो, पण तेवढ्यात जवळ सापडेल ते जाळतो : पेशीचे आवरण, प्रथिने, सारे एकदम. म्हणूनच त्याला दाद न देण्याची युक्ती बुरशीला सहजासहजी साधत नाही. गजकर्णाचे उदाहरण आपण रोज पाहता. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेली बुरशी एका विकरातील लहानशा बदलाच्या बळावर टर्बिनाफिनला जुमानत नाही. जेथे एकच कुलूप असते तेथे किल्ली बदलून भागते. येथे तर घरच पेटलेले असते. नखांच्या बुरशीवर मिथिलिन ब्लू व लाल प्रकाश वापरून असे प्रयोग झाले आहेत. त्यास अनेक बैठका लागतात.

डोळ्याची गोष्ट अधिक नाजूक, आणि येथे मला थोडे सावधपणे बोलावयाचे आहे. प्रथम जीवनसत्त्व ब-२, म्हणजे रिबोफ्लेव्हिन, आणि अतिनील किरण यांवर आशा ठेवण्यात आली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात खोल व्रणांवर केलेली चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण किरण दिलेल्या डोळ्यांत छिद्रे पडण्याचे प्रमाण अधिक दिसले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये तेथीलच दुसऱ्या चाचणीने मध्यम स्वरूपाच्या व्रणांतही लाभ नसल्याचे, उलट दृष्टी काहीशी कमी राहत असल्याचे दाखविले. नकारार्थी निष्कर्ष इतक्या स्पष्टपणे मांडण्याला मी मोठे मोल देतो.

दुसरा रंग रोझ बेंगॉल. नेत्रतज्ज्ञ तो तपासणीसाठी कित्येक वर्षे वापरीत आले आहेत. मायामीच्या बास्कॉम पामर संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की, हिरव्या प्रकाशासह हा रंग प्रयोगशाळेत फ्युजेरियम, ॲस्परजिलस व कॅन्डिडा या तिन्हींची वाढ रोखतो. रिबोफ्लेव्हिनला ते जमले नाही. पुढे, औषधांना न जुमानणारा जंतुसंसर्ग झालेल्या १८ डोळ्यांवर त्यांनी हा उपचार केला. अर्धा तास रंगाचे थेंब आणि त्यानंतर सुमारे पाव तास हिरवा प्रकाश, असे त्याचे स्वरूप. २०१९ मधील त्या अहवालानुसार ७२ टक्के डोळ्यांचे तातडीचे रोपण टळले. मात्र त्यांत बुरशीचे रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून प्रकाश हा थेंबांच्या जोडीला, मोठ्या केंद्रात, तज्ज्ञाच्या हाताने द्यावयाचा उपचार आहे असेच मी म्हणेन.

मला एका रुग्णाच्या भावाने विचारले, "मग रंग घालून उन्हाकडे पाहिलं तर?" प्रश्न भाबडा नव्हता, पण उत्तर ठाम नाही असेच आहे. सूर्याकडे पाहिल्याने दृष्टिपटल भाजते आणि ते पुन्हा भरून येईलच असे नाही.

आपल्या हाती असलेले साधन याहून साधे आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावातील स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा गेलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ संसर्गावाचून बरे झाले, आणि अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. कुसळ लागल्याचे कळताच त्याच दिवशी रुग्णाला आरोग्यकेंद्रात न्यावे. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला असेल, तर मात्र थेंब-मलमात दिवस न घालवता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. व्रणाचा खरवडलेला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे तंतू बहुधा त्याच बैठकीत दिसतात.